वाळीत

'आम्ही बहिष्कार टाकला' असं गावात कुणी बोलत नाही. गिरणीवाला लाईट नाही म्हणतो. ट्रॅक्टरची पाळी काही केल्या लागत नाही. हळदीचं बोलावणं शेजारच्या दारापर्यंत येतं आणि तिथूनच परत फिरतं. मयतीला खांदेकरी बाहेरगावाहून आणावे लागतात. वाळीत पडणं म्हणजे हे सगळं.

इंग्रजी 'बॉयकॉट' हे मुळात एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली. त्याने कुळं हुसकावायला घेतली. मजुरांनी त्याच्या शेतात पाय ठेवायचं सोडलं, दुकानदारांनी माल देणं थांबवलं. शेवटी पीक काढायला बाहेरची माणसं आणि त्यांच्या राखणीला फौज आणावी लागली. ते नाडलेल्यांचं हत्यार होतं.

आपल्याकडचा बहिष्कार त्याहून पुष्कळ जुना, आणि तो बळवंतांनी दुबळ्यांवर टाकलेला. आमच्या जालन्याहून पैठण जवळच आहे. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेली चार भावंडं तिथल्या ब्रह्मवृंदासमोर शुद्धिपत्रासाठी उभी राहिली, ही कथा मराठवाड्यात कुणाला ठाऊक नाही? डॉ. आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी पाक्षिक काढलं तेव्हा त्याला नावच दिलं 'बहिष्कृत भारत'. परदेशी कापडावरचा बहिष्कार आणि माणसावरचा बहिष्कार एकाच शब्दात बोलल्याने दुसऱ्यालाही फुकटची प्रतिष्ठा मिळते, याचा मला राग येतो.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, आणि गुन्हा दखलपात्र. तरी 'आपसातला वाद' म्हणून तक्रार गुंडाळणं सोपं असतं, कारण तक्रारदारालाही 'बहिष्कार' हा शब्द सुचत नाही. तो एवढंच सांगतो, 'साहेब, गाव बोलत नाही.' ठाणे अंमलदाराने तिथेच विचारावं: दळण कुठे करता? किराणा कोण देतं? तुमच्याशी बोलणाऱ्याला दंड लावलाय का, आणि तो कोणत्या बैठकीत ठरला? उत्तरं तारखेसह लिहून घ्यावीत. ठाण्यात दाद लागली नाही तर पीडिताला किंवा त्याच्या घरच्या कुणालाही थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढं तरी ठळक लिहा.