जंतूचा माग काढा, आयाबाईचा नव्हे!



धरण्यासाठी दिल्लीला गेलेल्या आपल्या साथींना हिंदूराव रुग्णालयाचे नाव ऐकून नवल वाटते. नाव आपल्याच मुलखातले आहे. कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. रिजच्या टेकडीवरचा त्यांचा बंगला १८५७ च्या वेढ्यात इंग्रज फौजेचे ठाणे झाला. पुढे तेथेच महापालिकेचे मोठे रुग्णालय उभे राहिले. तेथे येतो तो हमाल, रिक्षावाला, कंत्राटी मजूर, म्हणजे आपलाच वर्ग.

ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन कोविडच्या साथीत, याच रुग्णालयातील निवासी डॉक्टरांना थकलेल्या पगारासाठी आंदोलन आणि उपोषण करावे लागले. कोविडचे रुग्ण दुसरीकडे हलवले गेले. ही गोष्ट आज काढण्याचे कारण आहे. रुग्णालयातील स्टॅफ जंतूचा जनुकांपर्यंत माग काढण्याचे शास्त्र आता तयार आहे. माग जरूर काढा. पण ज्या हातांनी तो काढायचा, त्या हातांना पगार कधी, हे आधी सांगा!

हा जंतू आहे तरी काय? सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. चारातल्या साधारण एका निरोगी माणसाच्या नाकात तो राहतो आणि काही बिघडवत नाही. पण ऑपरेशनच्या टाक्यांतून किंवा सलाईनच्या सुईतून आत शिरला की पू होतो, रक्त नासते, माणूस दगावतो. मेथिसिलिन हे औषध वापरात येऊन जेमतेम दोन वर्षे होतात तोच, १९६१ मध्ये, त्याला न जुमानणारा स्टॅफ इंग्लंडमध्ये सापडला. आपल्या देशात १५ मोठ्या केंद्रांत २००८-०९ साली पाहणी झाली, तेव्हा तपासलेल्या स्टॅफपैकी सुमारे ४१ टक्के असा औषधाला दाद न देणारा निघाला.

या जंतूची काही जनुके औषध निकामी करतात. काही विष तयार करतात, आणि त्यातले एक विष तर रक्तातल्या पांढऱ्या पेशीच मारते. कोणाच्या जंतूत कोणती जनुके आहेत हे पाहिले की त्याची वाट कळते. आरएमएसमधला आपला सॉर्टर पाकिटावरचे शिक्के पाहून ते कोठून निघाले आणि कोठून फिरले हे सांगतो, तसेच हे आहे. दोन रुग्णांच्या जंतूंची ओळख तंतोतंत जुळली, तर तो वॉर्डातच फिरला असा दाट संशय येतो. जुळली नाही, तर रुग्ण तो स्वतःच्या नाकातून घेऊन आला असेल.

म्हणूनच ही तपासणी कामगाराच्या हिताची आहे. आज काय होते? गाडी घसरली की चौकशीआधी पॉइंट्समन सस्पेंड! वॉर्डात जंतू पसरला की आयाबाई आणि सफाईवाला दोषी! आमच्या एका ट्रॅकमनच्या पायात रॉड घातला, तो पिकला आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन झाले. त्या रुग्णालयाने कंत्राटी वॉर्डबॉय काढून टाकला आणि फाईल बंद केली. जंतू तपासलाच नाही. नळाला पाणी नव्हते, साबण नव्हता, एका नर्सकडे चाळीस खाटा होत्या, हे कोणी लिहिले नाही. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ साली हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू घटवले. त्यात आधी हात धुवायला लागले ते डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, हे साहेबांनी विसरू नये.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नाकाची तपासणी करायची तर सर्जनपासून सफाई कामगारापर्यंत सर्वांची करा. निकाल गुप्त ठेवा. जंतू सापडला तर भरपगारी उपचार द्या, चार्जशीट नको. प्रयोगशाळेत आणि वॉर्डात कायम कर्मचारी नेमा. पाणी, साबण, हातमोजे कंत्राटी कामगारालाही द्या. रेल्वे रुग्णालयांसह प्रत्येक रुग्णालयाने जंतुसंसर्गाचे आकडे दर महिन्याला फलकावर लावावेत.

शाखांनी हे ठराव पुढच्या बैठकीत मंजूर करून पाठवावेत. खाटेवर पडलेला आपला आहे आणि खाट पुसणाराही आपलाच आहे. या दोघांत भांडण लावण्याचा डाव आम्ही चालू देणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!