चमच्यातील चाळीस

तुर्कस्तानातील कायसेरी शहराची मंती प्रसिद्ध आहे. गव्हाच्या पिठाची पातळ पोळी लाटून तिचे लहान लहान चौकोन कापावयाचे. प्रत्येकात कांदा व मिरी घातलेल्या खिम्याचा कण ठेवून चारही कोपरे चिमटावयाचे. मग पाण्यात शिजवून वर लसूण घातलेले दही व तांबड्या मिरचीचे कढत लोणी ओतावयाचे. पदार्थ उत्तम, यात वाद नाही. वाद आहे तो मापाविषयी. एका चमच्यात ४० मावतील तीच खरी मंती, असे तेथे म्हणतात. आणि याच मापाने होणाऱ्या सुनेची पारख करण्याची चाल सांगतात. आता तयार मंती दुकानांत मिळते, तेव्हा घरची कला बुडाली म्हणून हळहळणारेही आहेत. त्यांस आमचा एकच प्रश्न आहे: आपण आजवर किती कोपरे चिमटलेत? आमच्याकडेही हातच्या शेवयांचे गोडवे गाणारे पुष्कळ, पाटापाशी बसणारे विरळा; आणि आम्ही स्वतः पहिल्यांतलेच, हे कबूल केले पाहिजे. घरची कला टिकावी असे ज्यांस मनापासून वाटते, त्यांनी लाटणारीच्या शेजारी बसावे. मग चमच्यात दहाच मावल्या तरी बिघडत नाही.