बिघडलेलं मशीन द्या!

मी कॉन्व्हेंटची; व्हायव्हात 'कॅव्हिटेशन'ची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवते. पण सुट्टीत कर्जतला, आमच्या उसात हार्वेस्टरची हायड्रॉलिक मोटर खडखडायला लागली, मशीन थरथरू लागलं, तेव्हा माझी बोलतीच बंद! सगळे म्हणाले, मोटर बदला. मेकॅनिककाकांनी आधी टाकी उघडली. तेलावर फेस! पंपाच्या सक्शन पाइपाची क्लिप ढिली होऊन हवा आत शिरत होती. इंजिन बंद करून क्लिप आवळली, फेस बसू दिला, आवाज गेला. मोटरचा खर्च वाचला, तोडणीही थांबली नाही.

मित्रांनो, तापासारखाच आवाज हे लक्षण. तेलाची पातळी, फेस, फिल्टर, बोल्ट, कपलिंग आधी बघावं. केस ड्रेनमधून तेल जास्त येत असेल, तर मोटर आतून झिजलेली. हे पुस्तकात आहे, हाताखालून मात्र कधी गेलेलं नाही. आमच्या लॅबमधलं मशीन कायम ठणठणीत! सर, एखादं बिघडलेलंही द्या ना.