फॉरमॅट करा म्हणे!

दिवाळीत घर भरले, फराळाच्या बश्या रिकाम्या झाल्या, की कोणीतरी हमखास म्हणते, "अरे, ताईच्या लग्नाची फिल्म लावा रे!" मग कपाटातून एक काळी डबी निघते. एक्स्टर्नल हार्ड डिस्क तिचे नाव. केबल जोडतात, दिवा लुकलुकतो, आणि पडद्यावर काहीच येत नाही. यानंतर जे घडते त्याविरुद्ध मला आज भांडायचे आहे. डबी आज ना उद्या बिघडणारच. तो तिचा धर्म आहे. माझे भांडण आहे ते तिच्याभोवती जमणाऱ्या शहाण्यांशी!

त्यांतला शिरोमणी सांगतो, "फॉरमॅट करून टाका, चालू होईल." होईल ना! डबी चालू होईल आणि लग्न बंद पडेल. फॉरमॅट करणे म्हणजे आतल्या मजकुराची अनुक्रमणिका फाडून कोरी वही हातात घेणे. त्यावर नवे काही लिहिले की जुने कायमचे गेले. बरे, दोष पुष्कळदा असतो केबलमध्ये, आणि शिक्षा होते फोटोंना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हा असा!

मी देवळाली कॅम्पातला शाळामास्तर. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण नाही, आणि कादंबऱ्या लिहायला यंत्रशास्त्र लागत नाही. पण तोफखान्याच्या या गावात एवढे शहाणपण पोरासोरांनाही असते, की न फुटलेल्या गोळ्याला कोणी काठीने डिवचत नाही. येथे बदलीच्या नोकरीची कुटुंबे येतात आणि जातात. एका बदलीत पलंग विकला जातो, दुसऱ्या बदलीत कपाट. बरोबर राहते ती ही डबी. तिच्यात बापाचे गणवेशातले फोटो असतात, गेलेल्या आजीचा आवाज असतो. तिला डिवचण्याचा हक्क या शहाण्यांना दिला कोणी?

डबी उघडत नसेल तर करायचे काय, ते ऐका. आधी केबल बदला. मग संगणकाचे दुसरे पोर्ट पाहा. मध्ये जोडणीचा फाटा असेल तर तो काढून डबी सरळ संगणकाला लावा. मोठ्या डिस्कला स्वतंत्र वीज लागते, तिचा ॲडॅप्टर तपासा. मग दुसरा संगणक पाहा. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' या यादीत डबीचे नाव दिसत असेल आणि तिला अक्षर तेवढे मिळालेले नसेल, तर अक्षर देताच ती उघडू शकते. मॅकसाठी तयार केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही, आणि तोही भाबडेपणाने विचारतो, "फॉरमॅट करू का?" उत्तर एकच: नको! उघडली, तर दुरुस्तीच्या नादी न लागता आधी सारे दुसरीकडे उतरवून घ्या.

आणि आतून टकटक आवाज येत असेल, तर तत्क्षणी वीज काढा. आत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात, आणि वाचणारा काटा त्यांच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असतो. तो टेकला की चकती खरवडली जाते. अशा वेळी "पुन्हा एकदा लावून बघू" म्हणणे म्हणजे मोडलेल्या पायाने रोग्याला पळवणे. काही महाभाग डबी शीतकपाटात ठेवायला सांगतात. तेथे धरतो तो ओलावा! मजकूर मोलाचा असेल तर ती तशीच बंद ठेवून जाणत्याकडे न्यावी. घरी उघडू नये.

पण खरा अपराध याच्याही आधी घडलेला असतो. मजकुराची प्रत एकच का होती? हार्ड डिस्क म्हणजे तिजोरी नव्हे, ते फिरणारे यंत्र आहे. १९५६ साली आय.बी.एम.ने पहिली डिस्क काढली, तेव्हा पन्नास चकत्यांच्या त्या टनभर धुडात जेमतेम पन्नास लाख अक्षरे मावत. आज खिशात लाखो फोटो मावतात. म्हणजे एका धक्क्यात लाखो फोटो जातात. गॅरंटीच्या कागदावर बहुधा नवी डबी मिळते, आजीचा आवाज मिळत नाही.

एकाच ठिकाणी ठेवलेल्या वस्तूचे काय होते, ते नाशिककरांना तरी सांगायला नको. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली नाशकात वारले. त्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे उरले. तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक म्हणतात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले १९६४ साली. १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची तर आज एकही प्रत नाही. उलट तुकोबांची गाथा पाहा. ती इंद्रायणीत बुडवली आणि तरली, असे परंपरा सांगते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण अभंग शेकडो मुखांत आणि अनेक वह्यांत होते, हे तर खरे? नदीला सगळ्या प्रती कोठून सापडणार!

कोणी म्हणेल, "आता क्लाउड आहे." असू द्या. पण क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरातला संगणक. ज्याच्या नावावर खाते, तोच पासवर्डासह गेला तर दार कोण उघडणार? आणि काही व्यवस्थांत येथे खोडले की तेथेही खोडले जाते. दुसरी प्रत म्हणून तो उत्तम. एकुलती एक म्हणून तोही तसाच डळमळीत. जाणत्यांचा हिशेब साधा आहे: प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी.

"दुसऱ्या डिस्कला पैसे कोठून आणायचे?" असे विचारणाऱ्यांनी आपल्या अंगणातला फटाक्यांचा कचरा एकदा न्याहाळावा. साडेतीन मुहूर्तांतला पाडवा समोर आहे. त्या दिवशी बसून प्रत करा, ती उघडून पाहा, आणि दोन दिवस जाऊ न देता भाऊबिजेला बहिणीच्या तबकात ठेवा. ओवाळणीची ओवाळणी होईल, आणि घरची आठवण दोन घरांत नांदेल. मग फॉरमॅटवाल्या शिरोमणीला चकली द्या आणि चार हात लांब बसवा!