ग्रहण सुटले का?

ग्रहणाचा विषय निघाला की आमच्या घरात पणजोबांची आठवण निघते. ग्रहण लागले की ते झोळी घेऊन निघत आणि 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी देत दारोदार फिरत. दारे बंद असत. उघडत ती पसाभर जोंधळे वरून टाकण्यापुरती. म्हणजे ज्या सावलीला भिऊन गाव घरात बसे, त्याच सावलीत आमची माणसे उघड्यावर फिरत. त्यांना काही झाले नाही. एवढ्यावरूनच गावाने विचार करायला हवा होता.

मी ग्रहण पाहिले ते 26 डिसेंबर 2019 रोजी. तेव्हा मी आठवीत होते. सकाळी आठच्या सुमारास ग्रहण लागले. शेजारच्या काकूंनी पाण्यात तुळशीपत्र टाकले आणि गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवले. खायचे नाही, प्यायचे नाही, सुईला हात लावायचा नाही. माय मात्र कापूस वेचायला निघाली. "गिराण सुटंस्तोर बसून राहिलं तर हजरी कोण देईल?" एवढेच म्हणाली. मीही मागे गेले.

हवा ढगाळ होती. साडेनऊच्या आसपास उघडीप मिळाली. ऊन पडले, पण त्यात ऊब नव्हती. चुलीच्या धुरातून यावे तसे मळकट ऊन. पाखरे घरट्यात परततात असे ऐकले होते. तसे काही झाले नाही; साळुंक्या बांधावर किडे टिपत राहिल्या. आपल्याकडे ग्रहण खंडग्रास होते. तेवढ्यात मायने हाक मारली. लिंबाखाली ठेवलेल्या कापसाच्या गाठोड्यावर शेकडो चंद्रकोरी हलत होत्या! पानांमधली प्रत्येक बारीक फट सूर्याचे चित्र खाली टाकते. एरवी सूर्य गोल म्हणून कवडसे गोल. हे मला पुढे पुस्तकात कळले. शाळेची पायरी न चढलेल्या मायने ते आधी पाहिले.

22 जानेवारी 1898 रोजी महाराष्ट्रावरून खग्रास ग्रहण गेले. विलायतेहून लॉकिअर विजयदुर्गाला आले. सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आणि अमेरिकेचे कॅम्पबेल दुर्बिणी लावून होते. वऱ्हाडातल्या तळणीला (आपल्या मंठ्याजवळची नव्हे) मॉन्डर दांपत्य होते, आणि अॅनी मॉन्डर या बाईंनी तेथे सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे घेतली. नकाशावर जेऊर ते तळणी रेघ ओढून पाहा. ती आपल्या परभणी जिल्ह्यावरून जाते. सात समुद्र ओलांडून माणसे जे बघायला आली, ते आपल्या डोक्यावर होते आणि आपली दारे लावलेली होती. बाहेर होते ते फक्त हाळी देणारे. त्यांची नावे कुठेच नाहीत.

मित्रमैत्रिणींनो, हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे कुणी म्हणेल. पण चंद्र सूर्याला झाकतो, हे आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास सांगितले होते. कुणाच्या स्नानाला, जपाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पोटुशी बाईला तीन तास उपाशी, तहानलेली कोंडण्याला. त्याला कसलाही आधार नाही. खरी भीती एकच: उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये. त्यासाठी ग्रहणाचा खास चष्मा मिळतो. तो नसला तर लिंबाची सावली फुकट आहे.

2 ऑगस्ट 2027 रोजी आपल्याकडे पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळा असेल, ढग असतील. तरी मी लिंबाखाली पांढरी चादर अंथरणार आहे. शेजारच्या वहिनींना आणि त्यांच्या मुलाला आधी बोलावीन. तो त्या अंधाऱ्या खोलीनंतर चार महिन्यांनी जन्मला. चांगला धडधाकट आहे, आणि त्याला सगळ्या गोष्टी बघायच्या असतात.

— बी. ए. द्वितीय वर्ष