आमच्या माघारी कोण?

‘आमच्याआधी याचे डोळे मिटावेत,’ असे एखादी आई पोटच्या मुलाबद्दल बोलते, तेव्हा तिच्या मायेवर शंका घेण्याचे कारण नाही. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा दीर्घकाळ मानसिक आजाराशी झुंजणाऱ्या प्रौढांचे पालक आपसांत हे उघडपणे बोलतात. 2011च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांगांची नोंद देशात 15 लाखांवर, तर महाराष्ट्रात दीड लाखावर होती. तेव्हा शाळेत जाणारी मुले आता विशी-पंचविशी ओलांडत आहेत आणि त्यांचे आईबाप थकत चालले आहेत. भावंडे शहरांत, दोन खोल्यांच्या संसारात. येत्या दहा-पंधरा वर्षांत हजारो घरांत हा प्रश्न एकदमच उभा राहणार आहे.

कायद्यांची कमतरता नाही. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने प्रौढ दिव्यांगाला कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला. केवळ घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कुणाला मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असे 2017चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण जायचे कुठे? महाराष्ट्राने बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले, तेव्हा 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवण्याचा आदेश द्यावा लागला.

सरकारी विचाराची तऱ्हा पाहा. निराधार मुलाला संस्थेपेक्षा कुटुंब बरे, हे राज्याने केव्हाच मान्य केले आहे. त्यासाठी बालसंगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये मिळतात. अठरा वर्षे पूर्ण झाली की ते बंद. दिव्यांगत्व मात्र अठराव्या वाढदिवसाला संपत नाही. वझ्झर येथे आश्रम चालवणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. अठरा वर्षांनंतर अशा मुलांना आश्रमाबाहेर काढू नये, असा कायदा करा, हे ते वर्षानुवर्षे सांगत आहेत. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; कायदा मिळालेला नाही.

वाट नाही असे नाही. बेल्जियममधील गील या गावातली कुटुंबे 13व्या शतकापासून मनोरुग्णांना घरात ठेवून घेत आली आहेत. इंग्लंडमध्ये ‘शेअर्ड लाइव्हज्’ नावाने हीच पद्धत नियमांत बसवली आहे. सांभाळणाऱ्या कुटुंबाची कसून पडताळणी होते, प्रशिक्षण दिले जाते, दोन्ही बाजूंचे जुळते का हे आधी भेटीगाठींतून पाहिले जाते, एका घरात तीनपेक्षा जास्त माणसे ठेवता येत नाहीत आणि कामाचा मोबदला मिळतो. आपल्याकडेही ‘द बॅनियन’ या संस्थेने मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्यांना चार-पाच जणांच्या गटाने वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहायला मदत केली. हा प्रयोग रत्नागिरीतही झाला.

यात धोका आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सांभाळाच्या नावाखाली फुकटचा गडी मिळवणारे, अनुदान आणि वाटणीची जमीन गिळणारे, बंद दाराआड अत्याचार करणारे निघतील. पण बंद दारे संस्थांनाही असतात. कळंबोलीच्या बालगृहातील अत्याचारांचा प्रकार 2011 मध्ये उघड झाला, तेव्हा ते राज्याने पाहिले आहे. म्हणून अचानक भेटी, जिल्हा पातळीवर स्वतंत्र तक्रार यंत्रणा, दिव्यांग व्यक्तीच्या नावाचे वेगळे बँक खाते आणि तिला नको असेल तर घर बदलण्याचा हक्क या अटी पहिल्या दिवसापासून हव्यात.

महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि त्याचा गाजावाजाही केला. त्या विभागाने निदान काही जिल्ह्यांत प्रौढांसाठी कुटुंब-संगोपनाची योजना सुरू करावी आणि सांभाळणाऱ्या कुटुंबाला जगता येईल एवढा मोबदला द्यावा. संजय गांधी निराधार योजनेतले 2,500 रुपये एका माणसाच्या औषधालाही पुरत नाहीत. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने साठी ओलांडलेल्या पालकांची आणि त्यांच्या प्रौढ दिव्यांग मुलांची यादी याच वर्षी करावी. आईवडील हयात असताना केलेली व्यवस्था ही योजना असते. ते गेल्यावर जे होते, ती केवळ विल्हेवाट.