'शिक्षक पाहिजेत' : जाहिरातीत शाळा कुठे आहे?



जून जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती फिरायला लागतात. 'शिक्षक पाहिजेत. पात्रता डी.एड./बी.एड. अनुभवी उमेदवारास प्राधान्य. पगार योग्यतेनुसार. मूळ कागदपत्रांसह समक्ष भेटावे.' खाली एक मोबाईल नंबर. बस्स, संपली जाहिरात!

आता घोटी-इगतपुरी पट्ट्यातल्या हॉटेल-रिसॉर्टवाल्यांची जाहिरात वाचा. काम काय, ड्युटी किती तास, राहणे-जेवण फ्री आहे की नाही, हे दोन ओळींत कळतं. वेटर हवा असेल तर माणूस एवढं सांगतो. आणि आपल्या लेकरांना वाचायला शिकवणारा माणूस हवा असेल तर आपण 'समक्ष भेटावे' म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, चांगले शिक्षक मिळत नाहीत अशी तक्रार करण्याआधी आपण त्यांना बोलावतो कसं, हे एकदा पाहायला हवं.

सरकारी भरतीत काय होतं?

2012 नंतर बरीच वर्षं शिक्षक भरती बंद होती. डी.एड. झालेली आमच्या पिढीची किती मुलं-मुली या काळात दुकानात, कंपनीत, शेतीत गेली हे आपण सगळे जाणतो. 2013 पासून टीईटी आली, 2017 मध्ये 200 गुणांची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं. गुणवत्तेनुसार निवड होऊ लागली, वशिल्याला आळा बसला. ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती टिकली पाहिजे.

पण पोर्टलवरची जाहिरात उघडून पाहा. संस्था किंवा जिल्हा परिषद, माध्यम, विषय, बिंदुनामावलीप्रमाणे जागा. उमेदवार हे बघून प्राधान्यक्रम लॉक करतो. 'जिल्हा परिषद नाशिक' एवढ्या एका ओळीत निफाडची द्राक्षबाग पण आली आणि आमची डोंगरावरची वाडी पण आली. पुढे समुपदेशनात शाळेचं नाव समोर येतं आणि थोड्या वेळात हो-नाही ठरवावं लागतं. परजिल्ह्यातल्या मुलीला शाळेच्या नावावरून काय कळणार? रस्ता आहे का, खोली मिळते का, पोरं कोणती बोली बोलतात, जोडीला दुसरे शिक्षक आहेत का?

माहिती नसते असं नाही बरं का. यू-डायसमध्ये आपण दरवर्षी वर्गखोल्या, शौचालय, पाणी, पटसंख्या सगळं भरतोच. ती माहिती जाहिरातीपर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

मौन ठेवल्याने कोण गळतं?

'पगार योग्यतेनुसार' असं लिहिलं की आपल्याला वाटतं, घासाघीस करायला जागा राहिली. पण ज्याच्याकडे दुसरी संधी आहे तो असल्या जाहिरातीला फोनच करत नाही. म्हणजे हुशार माणूस पहिल्याच पायरीवर गळाला. तसंच महिला शिक्षिकांचं. नाशिकहून अप-डाऊन करता येईल का, संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता, शाळेत स्वतंत्र शौचालय आहे का, हे कळलं नाही तर घरचे म्हणतात, 'राहू दे.' आणि एक चांगली बाई आपल्या शाळेला मुकते. खरं तर शाळाच तिला मुकते.

मग आकर्षक म्हणजे काय?

आकर्षक म्हणजे रंगीत बॅनर नव्हे, 'नामांकित', 'उज्ज्वल भवितव्य' असले शब्दही नव्हेत. डी.एड.ला आपल्याला शिकवलं होतं की, पाठाचं उद्दिष्ट स्पष्ट हवं. जाहिरातीचंही तेच आहे. समजा, वाडीवरच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीला लोकवर्गणीतून मानधनावर शिक्षक ठेवायचाय. मी अशी जाहिरात लिहीन :

*'पहिली ते चौथी, 38 मुलं, दोन शिक्षक. तुमच्याकडे पहिली-दुसरी. मुलं घरी ठाकरी बोलतात, त्यांना प्रमाण मराठीपर्यंत हाताला धरून न्यायचं काम आहे. मानधन दरमहा अमुक रुपये, पाच तारखेच्या आत. गावात एक खोली मिळेल, भाडं समिती भरेल. एसटी फाट्यापर्यंत येते, पुढे वीस मिनिटं चालावं लागतं. जून ते सप्टेंबर पाऊस फार असतो. पहिला महिना जुने गुरुजी सोबत वर्गात बसतील. मुलाखतीत मुलांना एक गोष्ट सांगायची आहे.'*

यात शोभेचा एक शब्द नाही. पण ज्याला लहान मुलांत रमायचंय त्याला ही जाहिरात हाक मारते.

दोन आक्षेप

पहिला : 'पावसाचं नि पायपिटीचं लिहिलं तर येईल कोण?' अहो, न सांगता आलेला माणूस आषाढातच बॅग भरतो. मग मधेच वर्ग रिकामा, आणि नुकती अक्षरं जुळवायला लागलेली पोरं पुन्हा मागे. नकार जाहिरात वाचून आलेला परवडला, दोन महिने शिकवून आलेला नाही परवडत. इगतपुरीचा पाऊस काही लपून राहणारा नाही!

दुसरा : 'जाहिरात सुधारून पोट भरतं का?' नाही भरत. शिक्षण सेवकाचं मानधन 2023 मध्ये प्राथमिकसाठी 6,000 वरून 16,000 रुपये झालं, ते व्हायला किती वर्षं गेली! पगाराची लढाई वेगळी आहे आणि ती लढायलाच हवी. खोटी गोड जाहिरात तर शुष्क जाहिरातीपेक्षाही वाईट. पण आकडा लिहायची सक्ती स्वतःवर केली, की एक होतं : तो आकडा लिहिताना आपल्यालाच लाज वाटते का, ते कळतं. लाज वाटली तर आधी आकडा बदलावा.

आपण काय करू शकतो?

1. मुख्याध्यापकांनी शाळेचं एक पानी ओळखपत्र तयार ठेवावं : पट, बोली, रस्ता, राहण्याची सोय, शाळेचं एक बलस्थान, एक अडचण.

2. समुपदेशनाच्या आधी रिक्त शाळांची अशी पानं उमेदवारांना वाचायला मिळावीत, अशी मागणी शिक्षक संघटनांनी करावी. निवड गुणांवरच होईल, फक्त माणूस डोळे उघडे ठेवून शाळा निवडेल.

3. पालकांनी खाजगी शाळेची जाहिरात दिसली की विचारावं, पगार का लिहिला नाही? आपलं मूल कोणाच्या हाती जाणार, त्याची ही पहिली खूण आहे.

शिक्षक शाळेत येण्याआधी शाळा त्याच्याशी पहिल्यांदा बोलते ती जाहिरातीतून. ते बोलणं खरं आणि आपुलकीचं असावं, एवढंच म्हणणं आहे.

तुमच्या शाळेची जाहिरात पाच ओळींत लिहायची झाली तर काय लिहाल? येत्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकमेकांना वाचून दाखवू या.